तुझ्या गाडीचे हरवलेले घोडे

चि. भाचेबुवांस,

मावशीचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असणार हे मी धरूनच चालते, कारण बिघडली असती तर फोन आला असता. काहीतरी बिघडल्याशिवाय तुला मावशी आठवत नाही. इकडे माझं ब्लडप्रेशर तुझं मागचं पत्र येईपर्यंत उत्तम होतं. काकाही बरे आहेत. त्यांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं, विशेषतः मी बोलत असताना.

तर तुझी गाडी. ‘मावशी, फक्त दोन महिने ठेवतो गं,’ म्हणून तू आमच्या गॅरेजात ती लाल टर्बो गाडी ढकललीस, त्याला आता दोन वर्षं झाली. (तिच्यापायी माझं कपडे धुण्याचं यंत्र व्हरांड्यात आलं आणि तिथे ते येणाऱ्याजाणाऱ्यांचं स्वागत करतं.) आता तुझं फर्मान आलं, की गाडी विकायची आहे, एक दातांचे डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून मिळाले आहेत, आणि तू त्यांना अडीचशे घोड्यांची ताकद आहे असं छातीठोक सांगून बसला आहेस. यंत्रावर तसं दाखवलं तर ते रविवारी येऊन घेऊन जाणार. म्हणजे बढाई मारायची भाच्यानं आणि घोडे मोजत बसायचं मावशीनं! मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. काका नुसतं ‘हं’ म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना पाणी सकाळीच घालून झालं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी तुझ्यावर चिडण्यात गुंतले होते.

ज्या गॅरेजात हे घोडे मोजतात त्याच्या मालकाला सगळे प्रोफेसर म्हणतात. (कोणत्या विषयाचे, ते मी विचारलं नाही.) जमिनीत दोन मोठे रोलर बसवलेले, त्यांच्यावर गाडीची चाकं ठेवतात आणि गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळून बांधतात. समोर भलामोठा पंखा, मागे धूर बाहेर नेणारी नळी, पोटात वायरी, बाजूला पडद्यावर आलेख. मी सगळा जन्म इस्पितळात मेट्रन म्हणून काढला, तेव्हा मला हे दृश्य नवीन नव्हतं. फक्त आमचे पेशंट बांधल्यावर ताशी दोनशेच्या वेगानं पळत नसत. ही पळते आणि जागची हलत नाही. याला डायनो म्हणतात. अनोळखी ठिकाणी पाठ ताठ ठेवून बसावं असं आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं, त्याप्रमाणे मी जुन्या टायरांच्या चळतीवर पाठ ताठ ठेवून बसले. शेजारी काका. प्रोफेसर कानात घालायची बोंडं घेऊन आले. मी म्हटलं, ‘बाळंतपणाच्या वॉर्डात हयात गेली माझी, मला आवाजाचं कौतुक सांगू नका.’ मग त्यांनी गाडी सुरू करून पायानं पेडल दाबलं, आणि मी दोन्ही बोंडं घातली.

सुरुवात छान झाली. आलेखाची रेघ शहाण्यासारखी वर निघाली, टर्बोनं शीळ घातली, आणि नेमकं जोर धरायच्या वेळी गाडीला उचकी लागली. मागून फाटफाट आवाज, रेघेला करवतीसारखे दाते. आकडा आला एकशे सत्तर. मी विचारलं, ‘बाकीचे ऐंशी कुठे गेले?’ प्रोफेसर म्हणाले, ‘पेट्रोल कमी पडतंय, मॅडम.’ पेट्रोलचा पंप तपासला, तो ठणठणीत. मग म्हणाले, ठिणगीला वीज पुरवणारी कॉईल गेली असेल. कॉईल बदलून पाहिल्या, उचकी तशीच. (असे निदान करणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. एक एक अवयव निर्दोष सुटत जातो आणि पेशंट तसाच.) शेवटी त्यांनी चारही स्पार्क प्लग काढले आणि उजेडात धरले.

प्लग चकाकत होते. आपल्या चहाच्या चमच्यांनासुद्धा अशी चकाकी नाही. आणि ठिणगी जिथून उडी मारते ती फट चांगली ऐसपैस करून ठेवलेली. ‘हे कुणी केलं?’ प्रोफेसरांनी विचारलं. भाचेबुवा, या जगात स्पार्क प्लग दिसला की पॉलिश पेपरनं घासणारा माणूस एकच आहे आणि माझं त्याच्याशी लग्न झालेलं आहे. मी वळून पाहिलं. काका छताकडे बघत होते.

‘मी आपलं जरा साफ केलं,’ ते म्हणाले. ‘स्कूटरला करायचो तसं.’

तुला आठवणार नाही, पण त्या स्कूटरवर आमच्या संसाराची पहिली पंधरा वर्षं गेली. दर आठवड्याला प्लग काढायचा, घासायचा, पोस्टकार्डाची घडी घालून फट मोजायची, किक मारायची. ती बया त्यावर खूश असायची. प्रोफेसरांनी समजावलं की टर्बो इंजिनात हवा इतकी कोंबून भरली जाते, की एवढ्या रुंद फटीतली ठिणगी वाऱ्यात काडी विझावी तशी विझते. स्कूटरच्या दुप्पट फट ठेवली तर गाडी दुप्पट खूश होईल, असा काकांचा हिशेब. नकाशे काढण्याच्या कचेरीत हा माणूस डोंगरांच्या उंच्या अचूक मांडत असे, यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

नवे प्लग, बारीक फट, पुन्हा सगळे कान झाकून बसले. या खेपेला उचकी नाही, रेघ सरळ वर, मी विजयी मुद्रेनं काकांकडे पाहिलं, तोच इंजिन एकदम किंचाळायला लागलं आणि रोलर मात्र होते त्याच गतीनं फिरत राहिले. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय आणि चाकांना काही पडलेलीच नाही. (हे मला समजायला प्रोफेसरांची गरज लागली नाही. आमच्या घरी हे रोजचं आहे.) पाठोपाठ जळका वास. क्लच घसरत होता. इतके दिवस उचकीमुळे जोरच येत नव्हता म्हणून कळलं नाही. जोर आला तसा त्यानं हात टेकले. उघडल्यावर क्लचची तबकडी पार झिजून काळी पडलेली. ‘दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा क्लच असा जळत नाही,’ प्रोफेसर म्हणाले. ‘कुणीतरी रोज अर्धा क्लच दाबून चढावर रांगवली आहे.’

आता आमच्या गॅरेजातून रस्त्यावर यायला केवढा चढ आहे ते तुला ठाऊक आहे. आणि दुपारी मी झोपते हेही. तू काकांना सांगितलं होतंस, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून बंद करा. त्यातलं ‘सुरू करा’ त्यांनी पाळलं. मला जाग येऊ नये म्हणून इंजिनचा आवाज न वाढवता, क्लच अर्धा धरून, मुंगीच्या पावलानं बाहेर काढायचे, आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचे. रोज! मी समजत होते वाचनालयात जातात. ज्या माणसाला मी निवृत्तीपासून ‘हं’ आणि ‘वाढ’ याखेरीज बोलताना ऐकलं नाही, तो त्या दिवशी प्रोफेसरांना हातवारे करून सांगत होता, की टाकीच्या आधीच्या वळणावर तिसरा गिअर टाकला की पाठ कशी सीटला चिकटते. मी चिडायचं म्हणून चिडले. पण बोलणं मध्येच तोडलं नाही, याची नोंद घे.

नवा क्लच बसवला, टर्बोचा जोर पेलेल असा दणकट. तिसऱ्या खेपेला रेघ गेली ती थेट दोनशे बासष्टवर. सगळं गॅरेज ओरडलं. काकांनी टाळ्या वाजवल्या, दोनतीनच, आणि मग त्यांना रविवार आठवला. हात तसेच मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

रविवारी दातांचे डॉक्टर येऊन गेले. व्यवहार जमला नाही. असो. मोठ्या आकड्याबद्दल तुझं अभिनंदन. तुझी बढाई तुझ्याही नकळत खरी निघाली.

तुझी,
मावशी

ता. क. : का जमलं नाही, हे तू विचारणारच. आलेख त्यांना पसंत होता. गाडीत बसले, हॉर्न वाजवून पाहिला, आणि दाराला हात लावून उभ्या असलेल्या काकांना म्हणाले, ‘आजोबा, जरा लांब उभे राहा, काचेवर ठसे उठतात.’ मी त्यांना अदबीनं खाली उतरवलं आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तुझ्या वतीनं सांगितलं, तेव्हा तू तसं म्हणाला होतास हे लक्षात ठेव.

ता. क. २ : तेव्हा आता कागदांवर सही करून गाडी माझ्या नावावर कर. काकांच्या नावावर नको, प्लग घासतील.

ता. क. ३ : नव्या क्लचचं पेडल इतकं कडक आहे, की काकांचा गुडघा ते दाबू देत नाही. त्यामुळे गाडी मी चालवते. इस्पितळाची जीप चालवलेली बाई आहे मी. रोज टाकीपर्यंत जातो, काका शेजारी बसतात, आणि तिसऱ्या गिअरबद्दल त्यांनी सांगितलं होतं ते अगदी खरं आहे.

ता. क. ४ : काका तुला वेगळं पत्र लिहितायत. कालच्या फेरीनंतर थरथरत्या हातानं लिहायला बसले आहेत, त्यामुळे अक्षर लागणार नाही. मजकूर एवढाच आहे, की गाडी ताबडतोब त्या डॉक्टरांना देऊन टाक. तिकडे दुर्लक्ष कर आणि सही पाठव.