निळे टेकू

शनिवार, १४ नोव्हेंबर

आबा,

पाया पडते. काकूंनाही नमस्कार, चष्मा पुसून झाला असेल तर आबांना वाचून दाखवायला घ्या.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कालव्यावरच्या पादचारी पुलाला नवे खांब दिलेत, आता काळजी नाही. ते चुकीचं आहे. ते नवे नाहीत आणि खांबही नाहीत. तुम्ही एव्हाना चारचौघांत सांगूनही टाकलं असेल, म्हणून हे आधी.

माझी तब्येत बरी आहे. दादा-वहिनी ठीक आहेत. दादाच्या किल्ल्या बनवायच्या टपरीवर गर्दी असते. पूल उतरला की पहिली तीच.

तर ते खांब. काही वर्षांपूर्वी पुलाला मध्यभागी तडे गेले, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत म्हणून खालून लोखंडी टेकू लावले होते. दुरुस्ती काही झाली नाही. दरवर्षी पुलाला निळा रंग लागतो, रंगारी टेकूंनाही तोच फासतो. आता कुणालाही विचारा, खांबच म्हणेल. पहिल्या पाहणीत मीही खांबच समजले. इंजिनिअर होऊन!

परवा कालव्याचं पाणी बंद होतं म्हणून खाली उतरले. तोल सावरायला एका टेकूला धरलं, तर तो हातात फिरला. वरून रंगाचे पापुद्रे पडले. आबा, छपराखाली दिलेला टेकू असा हाताने फिरला तर तुम्ही काय समजाल? त्याच्यावर ओझंच नाही. पाण्याने खालची माती नेलीय. टेकूंनी पूल धरलेला नाही, पुलानेच टेकू धरून ठेवलेत.

साहेबांना सांगितलं. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "इतकी वर्षं उभा आहे ना? मग तुमच्या बदलीपर्यंतही राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"नवा पूल मंजूर होतोय. मध्येच हा बंद केला तर दोन्हीकडची माणसं माझ्या केबिनमध्ये. चहा घेणार?"

मी चहा घेतला. त्याचीच लाज वाटते अजून.

धोका दिसला तर रस्ता तात्पुरता बंद करायचा अधिकार माझ्या हुद्द्यालाही आहे. तो कुणी वापरल्याचं इथे कुणाला आठवत नाही. माझी नोकरीही अजून कायम झालेली नाही.

काकू, इथून पुढचं जरा हळू वाचा.

दादा-वहिनी ठीक आहेत असं वर लिहिलंय, तेही खरं नाही. काल जेवताना मी दादाला सांगितलं. पूल बंद झाला की माणसं लांबच्या मोठ्या पुलाने जाणार, टपरीकडे कुणी फिरकणार नाही. तो आधी हसला. "अगं, लोकांची कुलपं उघडून पोट भरतो मी, आणि तू मलाच टाळं लावतेस?" मग हसू गेलं. "पहिल्या दिवशी ऑफिसला तुला सोडायला कोण आलं होतं? याच पुलावरून ना?"

वहिनी म्हणाली, "वन्सं, थोडे दिवस थांबा की. सगळेच थांबलेत."

त्यांची पोरगी रोज त्याच पुलावरून शाळेत जाते, हे मी म्हटलं नाही. आज सकाळी दादाने तिला सायकलवर बसवलं आणि लांबच्या पुलाने शाळेत सोडून आला. येऊन टपरी उघडली. माझ्याशी बोलला नाही. बाकीची पोरं नेहमीसारखी पुलावरून गेली, उड्या मारत.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. दादाने तक्रार केली तर त्याला रागावू नका. माझं त्याला पटलंय, म्हणूनच तो बोलत नाहीये.

उद्या शाळा नाही, बाजार नाही, आणि बॅरिकेड ठेवलेलं ऑफिसचं भांडारही सोमवारी पहाटेपर्यंत बंद. उद्याचा दिवस जीव मुठीत धरून काढायचा. हे पत्र काकूंच्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. पुलाची दोन्ही तोंडं मी बंद करणार आहे. साहेबांना न विचारता, सोमवारी, सोळा तारखेला, शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत.

तुमची,
धाकटी