अबू रुश्दीचे दोनशे चौदा कमिट

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४. सकाळी ८.४०
मोठ्या कामाची नोंद राहायला हवी, म्हणून आजपासून लिहितोय. मशिदींच्या घड्याळांचा आमचा अठरा वर्षांचा सगळा कोड जुन्या साठ्यातून गिट नावाच्या नव्या सिस्टीमवर न्यायचा आहे. आमच्या नव्या बॉस रीमामॅडमनी मला नेमलं. बाईंना दुबईहून येऊन सहाच महिने झालेत, पण माणूस ओळखतात. टेक्निकल हेडही याच महिन्यात ठरणार, कोडच्या इतिहासात कुणाचं काम किती ते बघून. म्हणजे मीच. गुरुवारपर्यंत संपवतो.

रविवार, संध्याकाळ
गिटने पहिल्याच फटक्याला नकार दिला. प्रत्येक बदलावर, म्हणजे कमिटवर, कोणी केला आणि कधी केला हे धड लिहिलेलं लागतं. आमच्याकडे ईमेल रिकामे, तारखा रिकाम्या, त्यामुळे मशीन सगळ्यांवर १९७० साल ठोकतंय. टाइमझोनच्या जागी एका गाढवाने आपल्या शहराचं नाव, ‘अम्मान’, लिहून ठेवलंय. आणि नावं? अबू फरास, अबू लैथ, अबू रुश्दी. म्हणजे फरासचा बाप, लैथचा बाप, रुश्दीचा बाप. खरं नाव एकाचं नाही. हे ऑफिस आहे की लग्नाची पंगत?

सोमवार, ७
बरोबरीचा प्रोग्रामर नझमी डोकावून गेला. वजीह, मदत हवी का, म्हणे. दात दाखवत. मी म्हणालो, नको. पंधरा वर्षं या माणसाशी कामापुरतंच बोलतो.
कारण लिहून ठेवतो. २००९ च्या रमजानमध्ये आमच्या घड्याळाने टेकडीवरच्या एका वस्तीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान चार मिनिटं आधी दिली. सूर्य समोर ढळढळीत दिसतोय आणि लोकांच्या तोंडात खजूर. अख्ख्या वस्तीला एक रोजा पुन्हा धरावा लागला. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं ऑफिसच्या जिन्यावर उभी होती, ओरडत. मी स्टोअररूममध्ये होतो. फाइल शोधत.
गुन्हेगार सापडला नाही. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे: नझमी. पुरावा कशाला हवा, थोबाडावरच लिहिलंय.

मंगळवार, ८
सापडला! टेकडीच्या उंचीच्या जागी शून्य भरणारा, म्हणून सूर्यास्त लवकर दाखवणारा बदल. नाव: अबू रुश्दी.
अबू रुश्दी कोण, हे सांगायला पंचांग नको. नझमीच्या थोरल्या पोराचं नाव रुश्दी. माझ्या स्वर्गवासी वडिलांचं नाव, बेशरमाने आपल्या पोराला ठेवलं, मला न विचारता. कोणाचं खरं नाव काय, त्या यादीत एक ओळ टाकली: अबू रुश्दी म्हणजे नझमी, पुढे त्याचा ईमेल. एका फटक्यात २१४ कमिट त्याच्या गळ्यात. गुरुवारी सगळ्यांसमोर उघडं पाडतो. वैयक्तिक आकस अजिबात नाही.

बुधवार, ९. दुपार
जुन्या बॅकअपवरून तारखा दुरुस्त केल्या. अबू रुश्दीचं सगळं काम २००६ ते २००९ मधलं निघालं. नझमीचा पोरगा सहावीत आहे.
म्हणजे तेव्हा जन्मलाच नव्हता. असेना. लबाड माणसं नाव आधीच ठरवून ठेवतात.

बुधवार, जेवणानंतर
बायकोला, सौसनला, सहज विचारलं, तुझ्या ओळखीत कोणी अबू रुश्दी होता का. ती पोट धरून हसली. म्हणाली, “अबू घसान, डोकं ठिकाणावर आहे का? आपला साखरपुडा झाला तेव्हा सगळे तुम्हालाच अबू रुश्दी म्हणायचे! बिनमुलाच्या माणसाला त्याच्या बापाचंच नाव लावतात ना, पहिल्या पोराला आजोबांचंच नाव ठेवणार म्हणून. २०१० ला पोरगा झाला आणि माझे बाबा अडून बसले, म्हणून तो घसान झाला. नाहीतर अजून अबू रुश्दीच राहिला असतात.”
बायकांच्या आठवणीवर सॉफ्टवेअर चालत नाही. यादी तशीच ठेवली.

गुरुवार, १०
मीटिंग. चूक मोठ्या पडद्यावर लावली. चार मिनिटं, चाळीस माणसं, सगळं सांगितलं. नावावर बोट ठेवलं आणि थांबलो. पाणी प्यायलो.
मॅडम म्हणाल्या, चूक एक झाली, दोन दिवसांत दुरुस्तही झाली. पण याच माणसाचं बाकीचं बघा. वस्तीच्या उंचीप्रमाणे सूर्यास्त काढायचं सगळं गणित याचं. कंपनी अठरा वर्षं यावर जेवतेय. हा माणूस सोनं आहे.
मग नझमी उठला. म्हणाला, “मॅडम, यातलं काही माझं नाही. तेव्हा मला पोरगा कुठे होता? हे वजीहचं आहे, त्यालाच विचारा.”
मॅडमनी विचारलं, “अबू घसान, हे काम तुमचं का?”
सगळे माझ्याकडे बघत होते. २१३ चांगले, एक तो. मला तो जिना दिसला, ती चाळीस तोंडं दिसली. मी ठणकावून सांगितलं, नझमीचंच आहे, विनयाने नाकारतोय.
माझ्या खऱ्या नावावर एकतीस कमिट निघाले. त्यातले सव्वीस स्वल्पविराम.

रविवार, १३
नझमी टेक्निकल हेड. ऑफिसात कुनाफा या मिठाईचं ताट फिरलं. मी खाल्ला नाही. दुसऱ्यांदा ताट आलं तेव्हा थोडा खाल्ला.
तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “वजीह, अजून वेळ गेली नाही. आत जा, बाईंना खरं सांग. मी आहे तुझ्यासोबत.” मी म्हणालो, मला कोणाची भीक नको. काय माणूस आहे! जिंकल्यावरही छळतो.
ठराव: उद्या सकाळी राजीनामा. कडक शब्दांत.

सोमवार, १४
राजीनाम्याचा मसुदा झाला होता. तेवढ्यात नव्या हेडने केबिनमध्ये बोलावलं. मॅडमना सूर्यास्ताच्या गणिताची माहिती हवी होती आणि याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
तीन तास समजावलं. टेकड्या काढल्या, दऱ्या काढल्या, फळा दोनदा पुसला. एकही कागद बघावा लागला नाही. तो वहीत उतरवून घेत होता. शेवटी वही मिटून माझ्याकडे बघत म्हणाला, “फार सुंदर लिहिलंय रे हे.”
मी म्हणालो, “तुम्हीच लिहिलंय, सर.”