कोऱ्या चिपची चाचणी

१४ जून, रविवार

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा दुखतोच आहे, पण तुझं मशीन चाचणीत पास झाल्यापासून ती तक्रार करायची विसरली आहे. "माझ्या पोराचा काही दोष नव्हता," असं शेजारणीला सांगत असते. मला हे फोनवर बोलवलं नसतं, म्हणून लिहिते आहे. पुरतं वाच. अर्धं वाचून ठेवून द्यायची तुझी खोड मला माहीत आहे.

तुला सर्किटचं वावडं, म्हणून सोपं करून सांगते. तुझ्या पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचं सगळं सर्किट मी कॉम्प्युटरवर नकली चालवून बघायला, म्हणजे सिम्युलेशनला, मांडलं होतं; बघायचं एवढंच, की सुरक्षेचं दार उघडताच मशीन थांबतं का. त्या नकलेतली मेमरी चिप मात्र कोरी असते. खऱ्या चिपमधला तुझा प्रोग्राम फाइलमध्ये वाचून घ्यायचा आणि तिच्यात भरायचा. ती फाइल मी भलत्याच फोल्डरमध्ये ठेवली. सिम्युलेशनला ती सापडली नाही, आणि त्याने तोंडातून ब्र काढला नाही. कोऱ्या चिपवर मशीन हललंच नाही. जे हलत नाही, ते दार उघडल्यावर थांबलेलंच दिसणार. सगळीकडे हिरवं, म्हणजे पास. आमचे साहेब म्हणाले, "सुटला तुमचा भाऊ." मी डोळे झाकून सही केली.

चूक ध्यानात आली, तेव्हा शुक्रवारी फाइल नीट भरली. दाब खाली येताना दार उघडलं, तर तुझा प्रोग्राम आधी तो फेरा पुरा करतो आणि मग दाराकडे बघतो. चिप नव्याने वाचून पाहिली. तेच.

तुझ्या मशीनवर काम करणाऱ्या त्या माणसाचा हात गेला तो यामुळे, गुंड्या. आणि माझ्या सहीवर त्यालाच निष्काळजी ठरवून कामावरून काढलं. परवा त्याची बायको साहेबांना भेटायला आली होती. मी तिला बघून मागच्या जिन्याने उतरले.

फाइल पुन्हा हलवून ठेवावी, असंही मनात आलं. कोणाला कळलं नसतं. माझ्या अंगाखांद्यावर वाढलास तू, तुझी बाजू घ्यायची मला सवयच आहे. पण आता फार थकले आहे रे, आणि त्या बाईसमोर मला लाज वाटते.

उद्या मी नवा अहवाल देणार आहे. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवते, बेल वाजवायचं बळ नाही. सकाळी माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांपाशी थांबेन. तू आलास तर दोघं मिळून आत जाऊ. नाही आलास तरी मी जाणार आहे. आईला मी सांगेन.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाजूने नसलेली,
ताई