पायलटची जॅकेटं, लालबागचा एप्रिल

११ एप्रिल, शुक्रवार
आणि मुंबईच्या उकाड्यात असल्या जाड जॅकेटांचं काय काम, तर ऐका. लोक भिंतीवर तलवार टांगतात, ती काय भाजी चिरायला? हे उत्तर तयार ठेवलंय. अजून कोणी विचारलेलं नाही. विचारतील.

आज चोरबाजारातून पाचवं आणलं. लढाईच्या काळातलं, पायलटचं. बाहेरून चामडं, आत मेंढीची लोकर. वर बर्फगार हवेत हे घालून विमान चालवायचे. वजनाला गॅस सिलिंडर. कॉलरच्या आत लेबल आहे, लुधियाना. म्हणजे पायलटचं पोस्टिंग तिकडे असणार.

मी विमानात बसलेलो नाही. त्याचा इथे संबंध नाही. फोर्टात लिफ्टमन होतो, जन्मभर वर-खाली केलंय. उंची मला कळते.

ठराव: हे शेवटचं जॅकेट.

१२ एप्रिल
हिने, म्हणजे राधाबाईने, कपाट उघडलं आणि नुसती बघत राहिली. तिच्या साड्या सध्या पलंगाखाली सुटकेसमध्ये आहेत. तात्पुरत्या. दिवाळीपासून.

बोलली काहीच नाही. हे लक्षण बरं नाही.

१५ एप्रिल
काल जयंती. मिरवणुकीत नायलॉनचं जॅकेट घालून जाणार होतो. ते आतून नारंगी आहे. विमान पडलं की उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसतं. गर्दीत हरवलो तर उपयोगी. अभय म्हणाला, पप्पा, लोक बाबासाहेबांना वंदन करायला येतात, तुम्हाला शोधायला नाही. मुलगा आहे म्हणून ऐकून घेतलं. पांढरा शर्ट घातला.

१७ एप्रिल
माटुंग्याच्या देवदत्तचा फोन. जुन्या वस्तू जमवतो, शिकलेला आहे. २७ तारखेला हॉलमध्ये प्रदर्शन, मला एक टेबल देतोय. मी म्हणालो, टेबलावर कशाला, अंगात घालून उभा राहतो. म्हणाला, काका, एसी नाहीये. मी म्हटलं, लढाईत पायलट एसी मागायचे काय?

मग त्याचं सुरू झालं. ऊन दाखवू नका, प्लास्टिकमध्ये ठेवू नका, अमुक कागद, तमुक पुड्या, हातमोजे घालून हात लावा. जॅकेटला हात लावायला हातमोजे, मग अंगात घालायला काय, दुसरं जॅकेट? या लोकांना काम नाही.

१८ एप्रिल
ही शेवटी बोलली. जेवताना, आमटी वाढत.

"२७ला शेवटपर्यंत अंगात ठेवलंत तर कपाट तुमचं. मधेच काढलंत तर सगळी चंपाला."

चंपा म्हणजे भांडेवाली. जुने कपडे घेते, स्टीलची भांडी देते. पाच पायलट आणि बदल्यात एक पातेलं! मी म्हणालो, मंजूर. सून प्रिती मधेच म्हणाली, पप्पा, विचार करा. विचार करून माणूस कुठे पोचलाय?

१९ एप्रिल
सराव. पंख्याखाली मेंढीचं घालून बसलो. चहा संपेपर्यंत टिकलो. चहा अर्धाच होता, पण सुरुवात आहे.

२० एप्रिल
आज सराव नाही. रविवार.

२२ एप्रिल
मेंढीच्या लोकरीतून किडा निघाला. देवदत्तला फोन केला नाही. तो पुड्या सांगेल. घरचा इलाज आहे. ही तांदळाच्या डब्यात सुक्या मिरच्या टाकते, कधी किडा लागलेला नाही. गच्चीवर शेजारच्या सुभद्रावहिनींच्या वर्षाच्या मसाल्याच्या संकेश्वरी मिरच्या वाळत होत्या. त्यातल्या ओंजळभर घेतल्या. बरं, तीन ओंजळी. बाह्यांत भरल्या, कॉलरमध्ये भरल्या. दिवसभर कडक ऊन. संध्याकाळी गादी झोडतात तसं काठीने झोडलं. लोकर कशी फुलून आली! मोठ्या मिरच्या काढून वहिनींच्या चादरीवर परत ठेवल्या. कोणाला कळलं नाही.

सुभद्रावहिनी जिन्यात शिंकत होत्या. धुळीची अॅलर्जी असेल.

२६ एप्रिल
उद्या. भाषण तयार आहे. तब्येत उत्तम. सराव पुन्हा केला नाही, जॅकेट कशाला मळवा.

२७ एप्रिल, संध्याकाळ
हॉल भरलेला. ही पहिल्या रांगेत, शेजारी प्रिती, मांडीवर पर्स. जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत. लोक फोटो काढायला लागले. बरं वाटलं.

मग घाम आला. घामाबरोबर मानेला काहीतरी लागलं. आधी वाटलं मुंगी. मग वाटलं मुंग्यांचं वारूळ. "उंचीवर हवा विरळ असते" इथपर्यंत भाषण झालं आणि डोळ्यांतून धारा. पुढच्या बाईंना वाटलं मी शहिदांसाठी रडतोय. त्याही रडल्या. मग शिंकल्या. मग ती अख्खी रांग शिंकली.

देवदत्त हळूच जवळ आला. "काका, ह्यात काय घातलंय?"

मी म्हणालो, संकेश्वरी.

ही उठून आली. "अहो, काढा ते."

मी मानेने नाही म्हटलं. मान हलवायला नको होती. लोकर घासली.

"कपाट ठेवा तुमचं. काढा आधी."

चेन अडकलेली. हिने आणि प्रितीने मिळून डोक्यावरून ओढून काढलं. तेव्हा मी ओरडलो असं अभय म्हणतो. तो हॉलमध्ये नव्हताच.

टॅक्सीत ही मानेला खोबरेल चोळत बसली.

नोंद: मी जॅकेट काढलं नाही. काढलं गेलं. फरक आहे.

२८ एप्रिल
फरक हिला मान्य नाही. "कपाट ठेवा" म्हणालीस ना, अशी मी आठवण करून दिली. म्हणाली, ते गरजेपुरतं होतं. सुभद्रावहिनींनाही मिरच्यांचं कळलंय. जिन्यात तोंड फिरवतात.

शब्द दिला होता. उद्या चंपाला बोलावलंय. पायलटांनाही निरोप घ्यावे लागायचे.

२९ एप्रिल
चंपा आली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, बघवणार नाही म्हणून. मागे जॅकेटं उलटीपालटी केल्याचा आवाज. मग चंपा शिंकली.

म्हणाली, हे नाही चालत बाबा, चामडं कोण घेतंय. मी सांगितलं, लढाईतलं आहे. म्हणाली, तरी नाही. हिने वर दोन जुन्या साड्या देऊ केल्या. चंपाने साड्या घेतल्या, जॅकेटं बाजूला सारली. जाताना तिची नजर लाकडी हँगरांवर पडली, हे चालतील म्हणाली. पाचही नेले. चहाची गाळणी दिली.

गाळणी बरी आहे.

कपाटात आता हिच्या साड्या आहेत. जॅकेटं कुठे आहेत, ते मी लिहिणार नाही.