शेवटी बोलायचा मान

परतूर, जि. जालना
२२ एप्रिल २०२५

श्री. सोमेश्वरराव पाहुणे यांस,

परतूरहून रामरावाचा रामराम. विहीणबाई द्वारकाबाईंना नमस्कार सांगावा.

इकडं सगळे खुशाल आहोत. ऊन चांगलंच तापलंय. दुकानात सरकीच्या ढेपीला गिऱ्हाईक बरं आहे, आणि आमच्या मंडळींचे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे दुखतायत. तुमची म्हैस व्याली का? वगार झाली असली तर पेढे नकोत, खरवस पाठवा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पाहुणे, फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आठवा. मी विचारतो, काय म्हणता? तुम्ही म्हणता, तुम्ही म्हणाल तसं. झालं, संपलं. घरी येता तेव्हाही तेच. हसनाबादहून एवढ्या लांब येता, ओट्यावर टेकता, लेकीला डोळे भरून बघता आणि पाण्याचा तांब्या पुढं केला की हात जोडता. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही ही आपल्याकडची जुनी रीत, म्हणून मी कधी आग्रह केला नाही. पण मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आधी स्टेशनसमोरच्या हॉटेलात पाणी पिऊन मग आमच्याकडं आलात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. हॉटेलवाल्याच्या घरी दोन म्हशी आहेत, ढेप तो आपल्याकडूनच नेतो.

तर पत्राला नुसता हात जोडून भागत नाही, म्हणून पत्र. दुकानात बसून लिहितोय. आमच्या मंडळींना, नंदाला, सांगितलंय की नगरपालिकेला गटारीसाठी अर्ज लिहून राह्यलो.

आधी अभिमानाची बातमी. काल जालन्याला तुमच्या लेकीच्या, आकांक्षाच्या, कॉलेजात तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली, आणि ती मी शेवटच्या बाकावर बसून डोळ्यांनी पाहिली. घरच्यांनी आलं तरी चालेल असं कॉलेजानंच कळवलं होतं. मी इस्त्रीचा पायजमा-शर्ट घालून गेलो, तर पोरं मला परीक्षक समजून उठून उभी राहिली. मीही त्यांना बसा म्हणालो. पण परीक्षेत काय झालं ते कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

लग्नाच्या बैठकीत तुम्ही एकच बोलला होतात, पोरीचं शिकणं तेवढं राहू द्या. मी हो म्हणालो. एम.बी.ए. म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. वाटलं, पोरगी दोन वर्षं गाडीनं जाईल-येईल, एक कागद मिळेल, तो काच लावून भिंतीवर टांगू. झालं भलतंच. ती सकाळी जालन्याला जे शिकते ते संध्याकाळी जेवताना आम्हाला शिकवते. अर्धं एम.बी.ए. माझंही झालंय, फक्त परीक्षा तिला एकटीला द्यावी लागते.

पहिल्या वर्षी मार्केटिंगच्या सरांनी काम दिलं, की एखाद्या दुकानात दिवसभर उभं राहा. लोक काय घेतात ते लिहू नका, काय न घेता परत जातात ते लिहा. ती आपल्याच दुकानात उभी राहिली. संध्याकाळी म्हणाली, मामा, बरेच जण चाटण वीट विचारून गेले. गाई-म्हशींना क्षार मिळावेत म्हणून गोठ्यात टांगतात, ती वीट. मी म्हणालो, ती आपण ठेवत नाही. ती म्हणाली, तेच तर लिहिलंय. आता ठेवतो. दुकान माझं, आणि गिऱ्हाईक परत का जातं हे मला सुनेनं सांगावं, याची पहिल्यांदा जरा लाज वाटली. आता चारचौघांत मीच सांगत असतो.

पण मला खरं वठणीवर आणलं ते सुमेधा मॅडमच्या विषयानं. माणसांकडून काम कसं करून घ्यावं, असा काहीसा तो विषय आहे. मॅडमनी हरभऱ्यानं भरलेली बरणी वर्गात आणली, पोरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटात एकाला साहेब केलं. बरणीत किती दाणे असतील ते प्रत्येकानं सांगायचं. ज्या गटात साहेब आधी बोलला तिथं सगळ्यांचे आकडे साहेबाच्या आकड्याला चिकटून. ज्या गटात साहेब शेवटी बोलला तिथं ज्याचा त्याचा आकडा निराळा. मॅडम म्हणाल्या, पहिल्या गटातल्या साहेबानं कुणाचं मत ऐकलंच नाही, त्याला आपलाच आवाज चार तोंडांतून ऐकू आला.

त्याच संध्याकाळी सूनबाईनं तूरडाळीची बरणी माझ्यापुढं ठेवली. मी लगेच ठोकून दिलं, पाच हजार. तुमचा जावई सूरज म्हणाला, तेवढेच असतील. नंदा म्हणाली, मला पाच हजाराला दहा-वीस कमी वाटत्यात. आकांक्षा गालातल्या गालात हसली आणि बरणी उचलून घेऊन गेली. मला काय समजायचं ते समजलं.

तेव्हापासून आमच्या घरी दर रविवारी जेवण झाल्यावर बैठक असते. नियम असा की सगळ्यांत लहान माणसानं आधी बोलायचं आणि सगळ्यांत मोठ्यानं शेवटी. मधे कुणी कुणाला तोडायचं नाही. पहिल्या रविवारी मी बिलकुल बोललो नाही, तरी बैठक फसली. नंदा म्हणाली, ह्यांच्या भुवया बोलून राह्यल्यात, आमी काय बोलावं? मग सूनबाईनं तोड काढली. माझ्यापुढं शेंगांची परात ठेवली आणि सांगितलं, मामा, तुमची पाळी येईपर्यंत मान खाली घालून शेंगा फोडायच्या. पाहुणे, हसू नका. मोंढ्याच्या बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे, आणि माझ्याच घरात मी रविवारी मान खाली घालून शेंगा फोडतो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी विषय निघाला की ढेप गावोगाव पोचवायला एक टेम्पो घ्यावा, आणि ड्रायव्हर कोण ठेवावा. आधी आकांक्षा बोलली. मग तुमच्या जावयाची पाळी.  मी शेंगा फोडतोय.

मग सूरज म्हणाला, "ड्रायव्हर कशाला? मीच जातो. मला गल्ल्यावर बसून कोंडल्यावानी व्हतंय. किती दिवसांपसून सांगीन सांगीन म्हणत व्हतो, पण अण्णा आधीच बोलायचे, मंग माझं र्‍हाऊन जायचं."

सोमेश्वरराव, आमच्या दुकानाच्या पाटीवर 'रामराव अँड सन्स' लिहिलंय. पोरगा एकच, तरी हौसेनं 'सन्स' लिहून घेतलं, तेही त्याच्या बारशाच्या आठवड्यात. माझ्या हातातल्या शेंगांचा टरफलासकट चुरा झाला. पण नियमानं पुढची पाळी नंदाची. आणि नंदा त्या दिवशी जेवढं बोलली तेवढं लग्नापासून एका दमात कधी बोलली नव्हती. पोरगं दुकानातून आलं की धड जेवत नाही, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसतं, हे तिला कधीचं ठाऊक होतं. माझी पाळी आली तोवर राग निवून गेला होता. मी म्हणालो, टेम्पो घ्या.

आता सूरज वाटूर, आष्टीकडची गावं करतो. उन्हानं काळाठिक्कर झालाय, आणि तीन भाकरी खातो. गल्ल्यावर मी आणि कॉलेज नसेल तेव्हा आकांक्षा. सुरुवातीला ती एकटी दिसली की लोक विचारायचे, मालक कुठं गेले? आता मी एकटा दिसलो की म्हणतात, ताई आल्यावर येतो.

हे सगळं तिनं प्रोजेक्टात मांडलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला उलटं-सुलटं पुष्कळ विचारलं, तिनं न अडखळता उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, पुस्तकातलं राहू द्या, या दोन वर्षांत तुम्ही स्वतः काय शिकलात ते सांगा. तिनं हातातला प्रोजेक्ट मिटला. मग जे बोलली ते मी तुम्हाला तसंच्या तसं लिहितो.

"सर, माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळी मोठी माणसं बोलली. माझे वडील मुलीकडचे, म्हणून ते एकच वाक्य बोलले. त्या एका वाक्यावर मी आज इथं उभी आहे. पण त्यांना आणखी काय म्हणायचं होतं, ते आजपर्यंत त्यांना कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. गप्प माणसाला विचारायचं असतं, हे मी शिकले."

 मी आपला छताच्या पंख्याकडं बघत बसलो, कारण खाली बघण्यासारखी डोळ्यांची अवस्था नव्हती. त्या बैठकीत सगळ्यांत जास्त मीच बोललो होतो. तरी वाईट वाटण्याआधी अभिमानच दाटून आला, काय करणार? बाहेर येऊन कॉलेजच्या शिपायाला चहा पाजला आणि सांगितलं, आत्ता शेवटी बोलली ना, ती आमच्या घरची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. पुण्याच्या एका पशुखाद्याच्या कंपनीनं कॉलेजात येऊन मुलाखती घेतल्या आणि आकांक्षाला निवडलं. जुलैपासून जायचं. जायचं की नाही हे मे संपायच्या आत कळवायचं आहे. तिनं तुम्हाला नोकरीचं फोनवर सांगितलं असेल, पण मनात काय आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणते, लेखी परीक्षा संपली की बैठकीत सगळ्यांत आधी मीच बोलणार आहे, तेव्हा ऐका. सूरज म्हणतो, टेम्पो पुण्यातबी चालतो. नंदा देवापुढं जास्त वेळ बसायला लागलीय.

मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. नियम म्हणजे नियम.

एवढंच सांगतो की गल्ल्याची खुर्ची माझ्या मापाची आहे. आकांक्षा बसली की तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत, लोंबत राहतात. म्हणून आमच्या कारभारी नावाच्या सुताराकडून पाय टेकवायला सागाचा एक पाट करून घेतला, चांगला पॉलिश मारलेला. तो दुकानात आला नि नेमकी नंदा डबा घेऊन आली. पाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला शेंगा फोडणं म्हणत्यात व्हय? पाळी यायच्या आदीच बोलून बसलात की."

बराबर आहे तिचं. म्हणून तो पाट मी गोदामात ढेपीच्या पोत्यांमागं लपवून ठेवलाय. सूनबाईच्या दृष्टीस पडला तर ती माझ्या तोंडाकडं बघून ठरवेल, आणि मग दोन वर्षांचं तिचं शिकणं वाया गेलं. तिनं जाऊ नये असं मला फार वाटतं. घ्या, लिहिणार नाही म्हणता म्हणता लिहून गेलो. आता खोडत नाही, पण हे तुमच्यापाशीच ठेवा. ती पुण्याला जाते म्हणाली, तर तोच पाट टेम्पोत घालून पुण्याला पोचवीन. ऑफिसातल्या खुर्च्या तरी कुठं तिच्या मापाच्या असणार?

परीक्षा आटोपल्यावर १८ मेच्या रविवारी ती बैठक आहे. तुम्ही आणि विहीणबाईंनी यायचंच. ओट्यावर टेकायला नव्हे, आत बैठकीला बसायला. बसलं की नियम सगळ्यांना सारखा. आधी आकांक्षा, मग सूरज, मग दोघी विहिणी. राहिलो आपण दोघं. लग्नाच्या वेळी वयांची गोष्ट निघाली होती, आठवतं का? तुम्ही माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठे निघालात. मी मुलाचा बाप असलो म्हणून वय काही बदलत नाही. म्हणजे आधी मी बोलणार, आणि शेवटी तुम्ही. तोवर दोघांनी मान खाली घालून शेंगा फोडायच्या, मी मोठी परात काढून ठेवतो. आणि या खेपेला 'तुम्ही म्हणाल तसं' चालायचं नाही. तुमच्यामागून म्हणायला कुणी उरतच नाही.

फोडता फोडता शेंगा तोंडात जातात आणि घसा कोरडा पडतो, हे मी अनुभवानं सांगतो. आमचा माठ आत स्वयंपाकघरात आहे. तुमची पाळी आली की आकांक्षा तांब्या भरून आणेल. आधी तिच्या हातचं पाणी प्या, आणि मग बोला.

तुमचा धाकटा व्याही,
रामराव