सुतकात नावावर आलेली मिळकत

मी खुशालराव वल्द किसनराव, राहणार अकोला. माझे शरीर आता फार दिवस साथ देणार नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या समजुतीने आणि स्वतःच्या हाताने ही व्यवस्था लिहून ठेवतो. ती माझ्यामागे अमलात यावी.

पहिले. राहते घर आणि बोरगावचे शेत वडिलार्जित आहे. ते माझी पत्नी पार्वताबाई हिने हयातभर भोगावे. विकू नये, गहाण टाकू नये. तिचा भाऊ जानराव याने या घरात एक रात्र जरी काढली, तरी घर व शेत त्याच दिवशी माझा पुतण्या उद्धव याचे होईल. पार्वताबाईला हे कठोर वाटेल. वाटावे म्हणूनच लिहिले आहे.

दुसरे. माझ्या नावावर अमरावतीचे पक्के घर, अकोला स्टेशनाजवळची कापसाची वखार आणि मूर्तिजापुराकडची काळी जमीन आहे. यातले काहीही माझे नाही. ते सर्व जानरावाचे आहे, आणि त्याने ते कसे मिळवले तेही लिहितो.

कापसाला सोन्याचा भाव होता त्या साली अमरावतीच्या सडकेवर गाडीवाल्यांसाठी विहिरी बांधण्याचा सरकारी ठेका जानरावाने घेतला. साहेबाच्या कारकुनाला खूश ठेवून पक्क्या विटांचे आणि चुन्याचे पैसे उचलले, आणि आतून कच्च्या विटा लावल्या. दोन पावसाळ्यांनंतर माझी एकुलती मुलगी सुभद्रा सासरहून येताना त्याच सडकेवर कुरणखेडच्या अलीकडे बैलांसाठी पाणी काढायला गाडीतून उतरली. विहिरीचा काठ तिच्यासकट आत गेला. जानराव तिचा सख्खा मामा. लग्नात त्यानेच तिला हात धरून बोहल्यावर आणले होते.

चौकशी सुरू होणार हे त्याला आधी कळले. सुभद्राचे दहावे व्हायचे होते, तेव्हाच तो कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, "भाऊजी, तुमच्या घरी सुतक हाये. इथं कोनी इचाराले येत नाही. थोडे दिवस तुमच्या नावावर राहू द्या."

मी विचारले, "इहिरीले वीट कोनती लावली होती?"

"वीट ते वीटच असते, भाऊजी. पान्याले काय समजते?"

पार्वताबाई दाराआडून म्हणाली, "नाही म्हनू नका. पोरगी तं गेली, भाऊ तरी राहू द्या मले."

मी सही केली. दोघांना वाटले, तिच्या शब्दाखातर केली. मी नकार दिला असता तर त्याने दुसरा कोणी गाठला असता आणि मिळकत वाचली असती.

पुढे जानरावाला सजा झाली. ठेक्याच्या लबाडीतून केलेली मिळकत कोणाच्याही नावे असो, सरकारजमा करावी, असा हुकूम झाला. शिपायांना त्याच्या नावावर दोन मोडक्या गाड्या सापडल्या. होळीच्या सुमारास तो सुटेल. तुरुंगातून निरोप पाठवतो, "भाऊजीच्या तब्येतीले जपा." माझ्या आयुष्याची एवढी काळजी दुसऱ्या कोणाला नाही.

तरी जानरावाची ही सर्व मिळकत उद्धवने डिप्टी कमिशनर साहेबांच्या हवाली करावी. हे मी जिवंतपणी केले नाही, कारण पार्वताबाईने अन्न सोडले असते आणि माझा निश्चय ढळला असता. मेलेल्या माणसापुढे उपाशी बसून उपयोग नाही.

तिसरे. जानरावाची मुलगी मनकर्णा हिचे लग्न वैशाखात ठरले आहे. तिच्यासाठी त्याच पैशातून केलेले दागिने माझ्या पेटीत आहेत. तेही सरकारात जमा करावेत. दागिन्यांवाचून तिचे होणारे सासरे सोयरीक मोडतील, हे मला ठाऊक आहे. माझ्या आजारात रोज येऊन तीच मला पेज पाजते. तिचा काही दोष नाही. सुभद्राचाही नव्हता.

हे कलम ऐकून साक्षीदार पुंजाराम म्हणाला, "दादा, पोरीचं तरी राहू द्या. तिनं काय केलं तुमचं?" त्याचे बोलणे खरे आहे म्हणून इथे नोंदवले. कलम बदललेले नाही.

चौथे. सुभद्राच्या पायातले चांदीचे तोडे विहिरीतून तिच्यासोबत निघाले. ते मनकर्णाला द्यावेत. लग्न झालेच तर तिने तेच घालावेत. त्यांच्या नक्षीत विहिरीची माती अजून अडकलेली आहे. ती दुसऱ्या कोणी धुऊ नये. जानरावाने बसून आपल्या हाताने काढावी.

हा कागद घरात राहू नये. उद्धवने आजच तहसिलीत पोहोचवावा.

मुक्काम अकोला, मिती माघ वद्य पंचमी, शके १७९०.

सही खुशालराव वल्द किसनराव, दस्तुर खुद्द.

साक्ष
पुंजाराम वल्द लक्ष्मण, शेजारी, निशाणी अंगठा
गोविंद भट बिन नारायण भट, राहणार अकोला, सही