‘थांबा’ म्हणण्याचा हक्क

प्रथम तथ्ये, क्रमाने. मी गणिताची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, नेमबाजीची प्रशिक्षक. हृदय थकले आहे. बुद्धी शाबूत आहे, असे प्रमाणपत्र डॉक्टरांनी आज सकाळी दिले. (त्यातील शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या.) कोणाच्याही दडपणाखाली न येता, आणि तशी हिंमत आजवर कोणी केलेलीही नाही, मी माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर धाकट्या भावाला. तो सुतार आहे. स्वयंपाकघराचे घासणारे दार आता तरी दुरुस्त होईल.

२. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. समासांतील माझ्या दुरुस्त्या खोडू नयेत. त्या बरोबर आहेत.

३. बँकेतील ठेव भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे. भावाने माझ्याशी अबोला धरला तेव्हा दोन्ही घरांचे उंबरठे तिनेच झिजवले. अबोल्याचे कारण पुढील कलमात.

४. नेमबाजी केंद्र, म्हणजे जमीन, शेड आणि रायफली, भावाच्या मुलीला. तिच्या नावे परवाना होईपर्यंत रायफली पोलिसांकडे जमा राहतील.

आमच्या केंद्रात कोणीही, अगदी पहिल्यांदा आलेल्यानेही, ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी चापावरचे बोट काढायचे, नळी मागून बंद करणारा बोल्ट उघडायचा आणि रायफल खाली ठेवायची. हाक चुकीची ठरली तरी हाक देणाऱ्याला हसायचे नाही. भाची तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती, केंद्र पाहायला आली होती. भाऊ पाचही गोळ्या झाडल्या असे समजून उठला आणि चाप जड लागतो हे दाखवायला रायफल हातात घेऊनच माझ्याकडे वळला. नळी शेजारच्या नेमबाजावरून फिरू लागली.

“थांबा!” भाची ओरडली.

“बापावर ओरडतेस? रिकामी आहे गं! ही बघ, पाच टरफलं.”

“असू दे. बाबा, आधी खाली ठेवा.”

त्याने निशाणाकडे नळी करून रायफल ठेवली. मी बोल्ट उघडला. जिवंत काडतूस चटईवर पडले. पाचवे टरफल डावीकडच्या नेमबाजाच्या रायफलीतून उडून भावाच्या चटईवर आले होते. भावाची मोजणी अचूक होती; मोजले ते चुकीचे. रायफल रिकामी आहे की नाही, हे बोल्ट उघडून, आत डोळ्यांनी पाहूनच ठरते.

मी त्याला पुन्हा नवशिक्यांच्या वर्गात बसायला सांगितले.

“ताई, या वयात पोरासोरांच्या रांगेत?”

“रांगेत नाही तर दाराबाहेर.”

तो दाराबाहेर गेला, आणि कैक वर्षे माझ्याशी बोलला नाही. मग एके दिवशी केंद्रात रायफली ठेवण्याचा, त्याच्या हातचा लाकडी स्टँड येऊन पडला. बोल्ट उघडा नसेल तर रायफल त्याच्या खाचेत बसतच नाही. पॉलिश हात राखून केलेले आहे; तरीही इतकी मोलाची वस्तू मला कोणी दिलेली नाही. नवशिक्यांच्या पुढच्या वर्गाला भाऊ पहिल्या रांगेत होता. त्या दोन्ही गोष्टींबद्दल मी त्याची ऋणी आहे. तोंडाने हे सांगणे मला जमले नाही; येथे नोंदवते.

५. केंद्राचे खजिनदार म्हणतात, “नवख्यांच्या हाकांनी स्पर्धेचा खोळंबा होतो, ‘थांबा’ फक्त प्रशिक्षकाने म्हणावं.” मी डोळे मिटण्याचीच ते वाट पाहत आहेत. त्यांना माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ‘थांबा’ कोणीही म्हणावे, हा नियम अबाधित ठेवण्याचे भाचीने मान्य केले तरच कलम ४ लागू होईल. एरवी केंद्र कायमचे बंद करावे, रायफली पोलिसांनाच द्याव्यात आणि जमीन विकून पैसे रुग्णालयाला द्यावेत.

६. भाची म्हणते, “आत्या, माझा नेम पाहिलायस ना? लोक हसतील.” पाहिला आहे; वाईट आहे. तो शिकवता येईल. भर लोकांत बापाला थांबवणे तिला कोणी शिकवले नव्हते. त्या हाकेमुळे माझा भाऊ आज तुरुंगात नाही, आणि शेजारचा नेमबाज नातवंडे खेळवतो आहे. माझ्या कृतज्ञतेत पहिला मान तिचा.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर

सही : लिहून ठेवणार
साक्षीदार : १. उपचार करणारे डॉक्टर (सही) २. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

भाचीस प्रत. कलम ५ वाचावे. “बघू गं आत्या” हे उत्तर नव्हे. नकार दिलास तरी कलम ६ मधील एक अक्षरही मी बदलणार नाही. मात्र होकार असो वा नकार, मी वाचू शकते आहे तोवर, तुझ्या सहीनिशी, लेखी कळवावे.